गोळाफेकवालीचा बास्केटबॉल

तीर्थरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार (तूर्त मनातल्या मनातच वाकलोय, कारण पुढे येईल). भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठणठणीत, म्हणजे मी सोडून.

कॉलेजात मी बास्केटबॉल, अडथळ्यांची शर्यत, गोळाफेक आणि पोहणं, असे चार खेळ खेळायचो. नोकरीच्या मुलाखतीत हे जरा ऐटीत सांगितलं आणि तिथेच फसलो. मुख्याध्यापिकाबाईंनी भूगोलाच्या तासांबरोबर चारही संघ माझ्या गळ्यात मारले. (शाळेला तलाव नाही, पोहण्याचा संघ मात्र आहे.)

परवा बास्केटबॉलचा अंतिम सामना होता. ऐन रंगात आमच्या एकीचा पाय मुरगळला. राखीव खेळाडू मागच्या मैदानावर अडथळ्यांवरून उड्या मारत होती (तिलाही तिकडे मीच धाडलेलं). उरली गोळाफेकवाली. अंगाने दणकट, पण इतकी लाजाळू की हजेरीलाही नुसती पुटपुटते. रडवेली होऊन म्हणाली, "सर, मला हा खेळ येत नाही हो!" मी म्हटलं, "चेंडू आला की कप्तानाकडे फेकायचा, बस्स."

तिने फेकला. सवयीने मानेशी धरून, गोळ्यासारखा! कप्तानाच्या डोक्यावरून, कुंपणावरून तो थेट पाहुण्यांच्या चहात. सगळं मैदान खो खो हसलं. पोरीचे डोळे भरले. मला काही राहवेना. मधला अडथळा उडी मारून ओलांडत मी तिच्याकडे धावलो. (उडी कॉलेजातली झाली, उतरणं मात्र आत्ताच्या वयाचं झालं.) कंबर धरून खाली बसलो आणि तिथूनच ओरडलो, "आता अर्ध्याच ताकदीने फेक गं!" हशा माझ्याकडे वळला. पुढचा चेंडू तिने अर्ध्या मैदानातून टाकला, तो सरळ जाळीत! मग ती कुणाला आवरते? एका गुणाने जिंकलो. मुलींनी मला उचलून मिरवलं (स्ट्रेचरवर, पण जल्लोष तोच).

डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. पुढच्या आठवड्यात रिले आहे आणि या मुलींच्या हातात बॅटन टिकत नाही. आपल्या घरात खरी धावायचीस ती तूच, असं मी त्यांना सांगून बसलोय. रविवारी येतेस ना? बूट घेऊन ये.

ता. क. दुसरा. वन्सं, नमस्कार. हे आडवे पडून सांगत होते, मी लिहीत होते. अडथळा वगैरे काही नव्हता, झाडांना पाणी घालायची नळी होती. बाकी सगळं खरं. ती मुलगी काल घरी येऊन म्हणाली, "सर पडले ना, तेव्हा माझी भीतीच गेली." तुम्ही रविवारची वाट बघू नका, उद्याच या. हे पलंगावरून शिट्टी वाजवून चहा मागतात.