दगडामावशीनं पडद्यावरच्या राजाला जाब विचारला

मुक्काम झरी,
फाल्गुन, सन १९५६

राजमान्य राजेश्री लिंबाजीराव यांस,

झरीहून वैजीनाथचा रामराम पोचावा. इकडं सगळी खैरियत आहे. ज्यांनी मरावं असं गावाला वाटतं ते सगळे ठणठणीत आहेत. तुमची तब्येत कशी आहे? हैदराबादचं पाणी मानवलं का? खाणावळीचं जेवण अंगी लागतंय का? (नोकरदार माणसावर खाणावळीत जेवायची पाळी का आली, ते मी विचारीत नाही. माझा तो स्वभावच नाही.) मराठवाडा मुंबई राज्याला जोडणार, असं पाथरीच्या बाजारात बोलायलेत. म्हणजे सगळा मराठी मुलूख एक होणार आणि तू तिकडं एकटाच परमुलखात राहणार. पण राजकारण आपल्याला कळत नाही, आणि हे पत्र सिनेमाबद्दल आहे.

तर पाथरीला तंबूतला सिनेमा आला, आणि तोही कोणता, तर ‘संगीत सुमतित्याग’! आपलं नाटक, लिंबाजी! जत्रेत मी राजा आणि तू सुमतीराणी होऊन सात वर्षं गाजवलेलं. लोकांच्या कुजबुजीवरून राजा राणीला वनात धाडतो आणि ती बिचारी नदीत उडी घेते, असं पुस्तकात छापलंय. झरीत मात्र ती आजवर एकदाही बुडाली नाही, कारण चौथ्या अंकात तुझी सासू दगडामावशी उठते. ती स्टेजसमोर येऊन राजाला असं झाडते की पेटीवाला पेटी मिटून ऐकत बसतो. मग मी मुकुट काढून “चुकलो मावशी” म्हणायचं, राणीला परत आणायचं, आणि मंडळींनी प्रसाद घेऊन घरी जायचं. लिहिणाऱ्याला हे सुचलं नाही, त्याला आपण काय करणार?

सिनेमाला यायला मात्र मावशी तयार नव्हती. सिनेमाचं नाव काढलं की तिचं टाळकं सरकतं. तिची लेक केशर तुला न विचारता शेजारणीबरोबर सिनेमाला गेली, गल्ली काय म्हणेल, म्हणून दिवाळीत तू तिला माहेरी आणून सोडलंस, तेव्हापासून हे असं आहे. (सात वर्षं लुगडं नेसून चार गावांपुढं मुरडणाऱ्या माणसाला गल्लीची एवढी भीती! मला तर बाबा कौतुकच वाटतं.) आपलंच नाटक आहे, तू नसलीस तर राणीला कोण वाचवील, असं गळ्यात पडून सांगितलं, तेव्हा ती गाडीत बसली. केशर आली नाही. तिनं दार लावून घेतलं.

सिनेमावाल्यांनी नाटक लय सुधारलंय. नांदी काढली, विदूषक काढला, राजाला खरा घोडा दिला. (तो राजापेक्षा बरा अभिनय करतो.) राणीचं पद सुरू झालं तसा बन्सीधर सोनार सवयीनं उठला आणि त्यानं वन्समोअर दिला. बाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि निघून गेली. बन्सीधर म्हणाला, एवढा माज? आणि पडद्याकडं पाठ करून बसला, तो शेवटपर्यंत तसाच. मला विचारशील तर नव्या सिनेमात प्रेक्षकाला काही कामच ठेवलेलं नाही. तिकीट काढायचं आणि पाहुण्यासारखं गप बसायचं. झरीच्या माणसाला हे जमावं कसं? एक गोष्ट मात्र खोटी बोलवत नाही. राणीचा चेहरा तंबूभर मोठा झाला आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं, तेव्हा सगळ्या बाया हुंदके द्यायला लागल्या. माझ्याही डोळ्यात काहीतरी गेलं. तुझ्या डोळ्यातलं पाणी मागच्या रांगेला कधी दिसलं नव्हतं रे.

मग राजानं राणीला घालवलं आणि मावशी उठली. पदर खोचून थेट पडद्यापुढं. तंबूवाला ओरडायला लागला, पण आपल्या माणसांनी त्यालाच खाली बसवलं. मावशी बोलत होती ते दरसालचं नव्हतं. माझ्या लेकीनं काय चोरी केली, कुणाचं घर बुडवलं, गल्लीतल्या तोंडांना भिऊन घरची लक्ष्मी दारात आणून टाकणारा तू कसला राजा, असं ती विचारीत होती. आणि नेमकी तेव्हाच फिल्लम तुटली! पडदा पांढराफटक. लोकांनी टाळ्या पिटल्या. राजा लाजला, तोंड लपवून पळाला म्हणाले. मावशी खुश झाली.

तंबूवाल्यानं घाईघाईनं फिल्लम जोडली, त्यात मधला तुकडा कुठं गेला देव जाणे. राजा आलाच नाही. एकदम नदी आली आणि राणीनं उडी घेतली. मग कोणीतरी म्हणालं, वैजीनाथ, तू हो पुढं, राजा तूच हाय. माणसांनी मला धरून पडद्यापुढं उभं केलं. डोळ्यात उजेड, सदऱ्यावर नदी वाहायलीय, पायात एकच वहाण. काय करणार? टोपी काढली आणि म्हणालो, चुकलो मावशी. ती मला बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, “तुझं काय चुकलंय रं लेकरा? ज्याचं चुकलंय त्यो हैदराबादला हाय.”

येताना गाडीत म्हातारी वाटभर रडत होती. मलाही राहवलं नाही. ते सिनेमापायी नव्हतं, एवढं तुला कळावं.

तुझा,
वैजीनाथ

ता. क. चैत्रात जत्रा आहे. यंदा राजा तू व्हायचं. मुकुट घासून ठेवलाय. मी राणी होतो. (हे ऐकून घरात आमची मंडळी इतकी हसली की ठसका लागला.) मावशी उठेल तेव्हा काय म्हणायचं, ते तुला पाठ आहेच.

दुसरा ता. क. पत्र टाकायच्या आधी केशरला वाचून दाखवलं. तिला तुझी लय याद येते असं मी दोन ठिकाणी लिहिलं होतं, ते तिनं खोडायला लावलं, म्हणून वर खाडाखोड दिसते. जत्रेचा बेत तिला मुळीच पसंत नाही. ती म्हणाली, “चार गावांसमोर आईला चुकलो म्हणून मला काय उपयोग? गावाला भिऊन सोडलं, आता गावाला दाखवायला नेणार का? यायचं तर आडवारी ये म्हणावं, कोणी बघत नसताना. आणि चुकलो, ते मला म्हण म्हणावं.”