खुनी कोण ते पुसलं गेलं

चि. बडबडी हिला काका-काकूंचे भरभरून आशीर्वाद.

तू, जावईबापू आणि बाळराजे तिघंही खुशाल असाल आणि बाळराजांचा खोकला एव्हाना थांबला असेल अशी आशा करतो. खोकल्याची चौकशी रीत म्हणून करत नाही. तू वाचून, रेकॉर्ड करून पाठवलेल्या कादंबरीत तो अर्ध्यापासून खोकतो आहे आणि इथे आम्हाला खुनापेक्षा त्याचीच काळजी जास्त लागली होती. अक्षरावरून तू ओळखलंच असशील की हे पत्र तुझी काकू लिहून घेते आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून माझं लिहिणं-वाचणं बंद. मी सांगतो, ती लिहिते. मजकूर माझा. कंसात जे येईल ते तिचं आणि त्याची जबाबदारी माझ्यावर नाही. (यांच्यावर कशाची जबाबदारी होती, ते आठवलं तर मीच कळवीन.)

आधी आभार मानून घेतो. पुढचं वाचल्यावर तू आभार स्वीकारण्याच्या मनःस्थितीत राहशील असं वाटत नाही. पोरी, तू काय केलंस हे तुला ठाऊक नाही. जो माणूस वर्तमानपत्र निविदा सूचनांसकट वाचतो, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला खुर्चीत बसवलं तर त्याचं काय होईल? मी भिंतीवरच्या घड्याळाशी भांडायला लागलो होतो. काकूने पेपर वाचून दाखवायचा प्रयत्न केला, पण ती बातमीचा शेवट आधी वाचते आणि पटला तरच सुरुवातीकडे येते. (बहुतेक बातम्यांचं सुरुवातीला काही अडलेलं नसतं.) अशात तुझं पार्सल आलं. साबणाच्या वडीएवढा तो प्लेअर, आणि त्यात तुझ्या आवाजात ती जाडजूड रहस्यकथा! घरचं सगळं सांभाळून, जमेल तेव्हा, जमेल तिथे बसून तू ती वाचलीस हे ऐकताना कळत होतंच. मधेच दाराची घंटा वाजायची, तू चहाचा घोट घ्यायचीस, पान उलटताना बोट ओलं करायचीस. एका ठिकाणी तर वकील हलकेच दार उघडून आत डोकावतो आणि तू ओरडतेस, "अरे, नळ बंद कर, वाहतोय!" मी पुढची दोन प्रकरणं वकिलाच्या घरचा वाहता नळ हा महत्त्वाचा पुरावा धरून चाललो होतो. काकूने सांगितल्यावर तो सोडून दिला, पण वकिलावरचा संशय कायम आहे.

प्लेअरला कानात घालायची दोन बोंडं आहेत हे तुला माहीत आहेच. वायर आखूड. त्यामुळे एक माझ्या कानात, एक काकूच्या कानात, आणि दोघं त्या लहान सोफ्यावर, ज्यावर आजवर फक्त इस्त्रीचे कपडे बसायचे. दुपारची जेवणं झाली की तुझी बैठक सुरू. एकाला उठायचं तर दुसऱ्यालाही उठावं लागायचं. (लग्नात गाठ बांधली तेव्हाही इतकी ओढ बसली नव्हती.) तू शिकायला आमच्याकडे राहायचीस तेव्हा या घरात जी अखंड बडबड चालायची, तीच परत आल्यासारखं वाटलं. तू गेल्यावर आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलायला लागलो होतो हे मला या प्लेअरमुळे कळलं. आता दोघांत जोरदार वाद चालतात. माझ्या मते खुनी वकील, काकूच्या मते माळी. (माळीच. निष्पाप माणूस इतक्या वेळा हात धूत नाही.)

तर आम्ही अशा सुखात असताना कथा ऐन शेवटाला येऊन थांबली. बाळाच्या खोकल्याने तुझाही घसा बसला, म्हणून शेवटचं प्रकरण पार्सलमध्ये आलं नव्हतं. ते तू मागाहून रेकॉर्ड करून ई-मेलने पाठवलंस आणि लिहिलंस, 'काका, कॉम्प्युटरला प्लेअर जोडा आणि आत टाका, सोपं आहे.' बडबडे, हे 'सोपं आहे' लिहिताना आमचा कॉम्प्युटर तुझ्या डोळ्यांसमोर नसावा. मी निवृत्त झालो तेव्हा हॉटेलने शाल न देता स्वागतकक्षातला, माझ्याच टेबलावरचा जुना कॉम्प्युटर मला भेट दिला. भावना चांगली होती. (नवीन आला होता, जुना ठेवायला जागा नव्हती.) पण त्या बिचाऱ्याला आपण निवृत्त झालोय हे अजून कुणी सांगितलेलं नाही. सुरू केला की आधी हॉटेलचं नोंदणीचं पान उघडतं आणि आलेल्या पाहुण्याला खोली दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्याला स्पीकरही नाही, कारण स्वागतकक्षात कॉम्प्युटरने बोलायचं नसतं, ते काम माझं होतं. तुझं प्रकरण त्याच्यापर्यंत पोचलं खरं, पण 'ही फाइल उघडता येत नाही' एवढं सांगून तो मोकळा झाला. म्हणजे खुनी आमच्या घरात येऊन बसला होता, आणि आम्हाला त्याचं तोंड दिसत नव्हतं.

प्लेअर जोडायला गेलो तर त्याची वायर कॉम्प्युटरच्या भोकात जाईना. काकूने सुचवलं की थोडा जोर लावावा. (मी 'दाताच्या डॉक्टरांना बोलवा' असं म्हटलं होतं. जोर यांनी लावला.) दाताचे डॉक्टर म्हणजे खालच्या मजल्यावरचे आपले शेजारी. त्यांच्या दवाखान्यात सगळी यंत्रं नवी आहेत आणि बारीक भोकात वाकड्या वस्तू घालण्याचा त्यांना रोजचा सराव. निरोप मिळताच ते धावत आले, इतके घाईत की पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे. (हे यांना कसं दिसलं, ते वाचणारीने लक्षात ठेवावं.) त्यांनी एका वायरच्या तोंडाला दुसरी वायर आणि तिला तिसरी लावून प्लेअर एकदाचा जोडला. कॉम्प्युटरने लगेच खोली क्रमांक विचारला. मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावरची द्या, खिडकीवाली. तुझ्या प्लेअरची हॉटेलात रीतसर नोंद झाली, तेव्हा कुठे पुढचं पान उघडलं. मग कॉम्प्युटर म्हणाला, हे यंत्र माझ्या ओळखीचं नाही. डॉक्टरांनी दवाखान्यातून आणलेला कसलासा प्रोग्रॅम त्यात घातला. तो म्हणाला, मला याहून नवा कॉम्प्युटर लागतो. डॉक्टरांनी त्याचीही समजूत काढली.

आता मुद्द्यावर येतो. (पत्र संपत आलं तेव्हा.) पडद्यावर एक प्रश्न आला. मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, त्यामुळे डॉक्टरांनी तो वाचून दाखवला, अगदी स्वच्छ, शब्द न् शब्द: हा प्लेअर दुसऱ्या कॉम्प्युटरशी बांधलेला आहे, त्यातलं सगळं पुसून या कॉम्प्युटरशी जोडायचा का? आता तू मला ओळखतेस. माझं उभं आयुष्य स्वागतकक्षात गेलं. नोकरीला लागलो त्या दिवशी मॅनेजरने एकच गोष्ट शिकवली होती, पाहुण्याने अदबीने काही विचारलं तर 'नाही' म्हणायचं नाही. उशी बदलून हवी? अवश्य. खोली बदलून हवी? अवश्य. पाहुण्याने एकदा 'तुमची खुर्ची मिळेल का' विचारलं, तर मी उरलेली पाळी उभ्याने काढली. कॉम्प्युटर अदबीने विचारत होता. काय विचारतोय हे डोक्यात शिरायच्या आधी माझ्या तोंडून 'अवश्य' बाहेर पडलं. दुसरा कुणी असता तर त्याने 'नक्की का?' म्हणून थांबवलं असतं. पण दाताच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून उत्तराची फार वाट बघायची सवय नाही, समोरच्याच्या तोंडात बहुतेक वेळा त्यांचाच हात असतो. त्यांनी बटण दाबलं. (मी 'थांबा!' म्हणून ओरडले. कुणी मनावर घेतलं नाही. नेहमीप्रमाणे.)

बडबडे, सगळं गेलं. वकील गेला, माळी गेला, नळ गेला, बाळाचा खोकला गेला. तुझ्याकडे प्रत नाही हे तू आधीच लिहिलं होतंस. शेवटचं प्रकरण त्या कॉम्प्युटरने प्लेअरमध्ये घातलंच नाही, आणि ई-मेलमधूनही आता ते उघडेना की हलेना. त्याने आपल्या पोटातली, आवाज असलेली एकच फाइल तेवढी प्लेअरमध्ये पाठवली. ती कोणती असेल? हॉटेलला फोन केला की थांबवून ठेवताना लागायची ती. मागे मंद बासरी आणि त्यावर माझाच आवाज: 'कृपया थांबा, आम्ही लगेच आपल्या सेवेत येत आहोत.' दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीने दोघंही सोफ्यावर बसलो, बोंडं घातली, आणि मीच मला थांबायला सांगत होतो. काकूने आपलं बोंड काढून ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. घड्याळाचा आवाज पुन्हा मोठा झाला. (मला फार वाईट वाटलं. यांना तसं म्हटलं नाही, कारण यांना माझ्याहून वाईट वाटलं होतं.)

डॉक्टर तर इतके खजील झाले की विचारू नकोस. त्यातून त्यांनी ती कादंबरी वाचलेली निघाली. भरपाई म्हणून खुनी कोण ते सांगतो, म्हणायला लागले. आम्ही दोघांनी एकदम कान झाकून घेतले आणि त्यांना दारापर्यंत पोचवलं. तेव्हापासून ते जिन्यात भेटले तरी आम्ही हवापाण्यावर बोलतो. भला माणूस आहे, पण ओठांवर आलेलं नाव गिळताना त्याचा चेहरा बघवत नाही.

तेव्हा विनंती अशी, की घसा बरा असेल आणि वेळ मिळेल तेव्हा शेवटचं प्रकरण पुन्हा एकदा वाचून पाठव. आधीची प्रकरणं माझ्या ध्यानात आहेत. तू आमच्यासाठी एवढं केलंस, आणि मी एका शब्दात ते पुसलं. त्यावर तू रागावलीस तरी तुझा हक्क आहे. पण ऐकलेलं कुणी पुसू शकत नाही, त्याबद्दल आम्ही दोघं तुझे कायम ऋणी आहोत. जावईबापूंना नमस्कार, बाळराजांच्या पाठीवरून आमचा हात फिरव.

तुझा,
काका

ता. क. हे आता झोपलेत, म्हणून हे माझं, कंसाशिवाय. यांची पट्टी केव्हाच सुटली. डोळे ठणठणीत आहेत. डॉक्टरांचे मोजे आठव. परवा माझ्या हातून सुई पडली, ती यांनी कपाटाखालून अचूक उचलून दिली आणि मग आठवून भिंत चाचपत सोफ्यावर गेले. ती कादंबरी आपल्या कपाटात पहिल्यापासून आहे, वरच्या फळीवर. दिसतंय हे कबूल केलं तर तुझी बैठक बंद होईल, म्हणून सोंग. त्या दिवशी पडद्याकडे पाठ करून बसले तेही सोंग वठावं म्हणूनच. 'पुसून' हा शब्द डोळ्यांनी वाचला असता तर हात जोडून तरी 'नको' म्हणाले असते. मी त्यांना बोलले नाही. तूही बोलू नकोस. आणि फाइल नको पाठवूस, आमच्या कॉम्प्युटरला तू झेपत नाहीस. बाळाला घेऊन चार दिवस ये. सोफा लहान आहे, पण तिघं मावतात.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी मी वरचं वाचलं, म्हणजे दिसतं हे सिद्ध झालंच. हरलो. पण काकूचे डोळे तर पहिल्या दिवसापासून धड होते, मग वरच्या फळीवरचं पुस्तक तिने का काढलं नाही, हे तिला विचार. बाकी तिच्या म्हणण्याला माझं अवश्य. ये, आणि शेवटच्या प्रकरणाने भागणार नाही. पहिल्यापासून वाचावं लागेल, आम्ही दोघंही सगळं विसरलो आहोत.

(खोटं. शब्द न् शब्द पाठ आहे, नळासकट. तरीही पहिल्यापासून.)