हौसाक्का खाली बसली

३ नोव्हेंबर, सोमवार
हौसाक्काचा फोन चौथ्यांदा लावल्यावर लागला. निपाणीहून बेळगावला तपासणीला यायला ती तयार नाही. "माझं बरं हाय, बाई. तू तुझं लिव्ह की, बरं हाय म्हणून." तसं लिहून भागत असतं तर वर्षभर मी लोकांचे खुबे कशाला मोजत फिरले असते!
ऑपरेशनला वर्ष होतंय. १२ डिसेंबरच्या आत तपासणी झाली नाही तर संशोधनाच्या यादीत तिच्या नावापुढे 'संपर्क तुटला' असं पडणार. माझ्या यादीत अजून एकाही नावापुढे तसं पडलेलं नाही. पडूही देणार नाही. गुरुवारी मीच जाते.

६ नोव्हेंबर, गुरुवार
परतीच्या बसमध्येच लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. घरी जाईपर्यंत दम निघत नाही.
फोन न करताच गेले. सोप्यात, पुढच्या पडवीत, पाच-सहा बायका भिंतीला पाठ टेकून ओळीनं बसलेल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. विड्या वळणं चाललेलं. ओळीत तिसरी हौसाक्का. जमिनीवर. चक्क मांडी घालून.
कृत्रिम सांधा बसवून घरी सोडताना मीच तिला बजावलं होतं, खाली बसायचं नाही, मांडी तर अजिबात नाही, सांधा निखळेल. खुर्ची, उंच संडास, सगळं पाठ करून घेतलं होतं.
मला बघून ती उठली. उठली कशी, ते लिहून ठेवते: ऑपरेशनचा पाय पुढं सरळ, एक हात जमिनीला, दुसरा सुनेच्या खांद्याला, आणि वर. मी हे शिकवलेलं नाही. कुणीच शिकवलेलं नाही.
"कधीपासून बसताय?"
"गणपतीपासनं. पयल्यांदा पाट घेतला, मग गोधडी, मग नुसती जिमीन. खुर्चीवर मांडीत सूप ऱ्हातंय व्हय गं?"
मग आवाज खाली आणून, "डॉक्टरास्नी सांगू नगंस. बसू देणार न्हाईत." मी बरं म्हटलं.
फॉर्म काढला. प्रश्न: मोजे-बूट घालता येतात का? "लग्नात बी घातलं न्हाईत." सगळी ओळ हसली, सून संगीता सगळ्यात जास्त. मीही हसले, पण फॉर्मच्या वरच्या ओळीकडं नजर गेली आणि हसू गेलं. व्यवसाय: गृहिणी. अक्षर माझंच. वर्षापूर्वी मी विचारलं होतं, काय काम करता? ती म्हणाली होती, "काय न्हाय, घरातच असतो." विड्या ती लग्नाआधीपासून वळते. फॉर्म तिथंच मिटला, तपासणी राहिलीच.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी सगळे जुने फॉर्म काढले. निपाणीकडची एकूण एक बाई 'गृहिणी'. सगळ्या घरातच असतात, आणि मी शहाणी ते तसंच उतरवत गेले. एकेकीला फोन लावत सुटले. "विड्या वळता का?" व्हय की. "कुठं बसून?" काही खुर्चीवर प्रयत्न करून सोडून दिलेल्या, काही चोरून खाली बसणाऱ्या. एक तर म्हणाली, तुम्ही कधी इचारलंच न्हाय.
आमचं संशोधन म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला तर अर्धा सांधा बदलावा की पूर्ण. कुणाला कोणता बसवायचा ते बंद लिफाफ्यातून ठरतं, आणि मी मोजणारी, त्यामुळं ते मला कळता कामा नये. चालणं मोजतो, जिना मोजतो, मोजे विचारतो. पण कोणत्या सांध्यावर बाई पुन्हा खाली बसू शकते, हे आमच्या फॉर्ममध्ये नाहीच! इथल्या माणसाचं अर्धं आयुष्य जमिनीवर जातं.
बेळगावातच शहापूरला घरी आल्यावर आप्पांना सांगितलं. हातमागावर बसून आयुष्य काढलेले माझे वडील. म्हणाले, "एवढी शिकलीस, आणि बसता येतंय काय ते इचारलं न्हाईस?" जेवण गेलं नाही. रागानं नव्हे, आनंदानं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सरांना सांगितलं. हौ.ला दिलेला शब्द मोडला, वाईट वाटलं, पण सांधा निखळला तर मी तोंड कुठं दाखवणार?
सर, म्हणजे ऑपरेशन करणारे आणि हे संशोधन चालवणारे आमचे डॉक्टर, आधी भडकले. "कुणाला विचारून बसली ती?" मग ती उठते कशी ते मी दवाखान्याच्या फरशीवर बसून करून दाखवलं. सर म्हणाले, "परत करा." परत केलं. मग स्वतः खुर्ची ओढून जवळ बसले आणि कागद मागितला.
ठरलं ते असं: संशोधनाच्या नीती समितीची परवानगी घेऊन फॉर्ममध्ये खाली बसण्याचा भाग घालायचा. कुणालाही मुद्दाम बसवायचं नाही, जे आपणहून बसतात त्यांचंच मोजायचं. आणि हौ.चा एक्स-रे आधी. ती इकडं येत नसेल तर निपाणीतच काढायचा, फोटो बंद पाकिटात थेट सरांकडं. मी बघायचा नाही, त्यात सांधा कोणता ते एका नजरेत कळतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
श्रुती (मच्छे गावची, माझ्यासारखीच फिजिओ, मोजमापाचं शिक्षण दोघींनी बरोबर घेतलेलं) आणि मी दुपारभर फरशीवर. मांडी म्हणजे नक्की काय, गुडघा जमिनीपासून किती वर, उठायला किती आधार, किती वेळ. एकदा दोघी आडव्या पडून हसत होतो, तर शिपाईमामा स्ट्रेचर घेऊन आले.
अर्ज गेला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
परवानगी आली! निपाणीच्या एक्स-रेवाल्यानं पाठवलेला फोटोसुद्धा सरांनी मोबाईलवर बघितला, सांधा जागच्या जागी; पाकीट मागून येईल. मला एवढंच सांगितलं, बाकी काही नाही. नव्या फॉर्मवर पहिलं नाव हौसाक्काचं. वर्षाची तपासणी पण होऊन जाईल. गुरुवारी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
घोळ झाला. कसला घोळ, सत्यानाश.
आधी चांगलं लिहिते. हौ. बसली. पूर्ण मांडी. सूप घेतलं, पंचवीस विड्यांचा कट्टा वळून बांधला, आणि कुणाच्या खांद्याला हात न लावता उठली. माझ्या डोळ्यांत पाणी. नव्या फॉर्मवर एकूण एक रकाना भरला.
पण त्याआधी. दारात पाय ठेवते तोवर तिनं खिडकीला फोटो धरलेला. "बघ, माझं लोखंड कसं बसलंय." पाकीट फोडलेलं. सरांनी मोबाईलवर बघितलाय म्हटल्यावर फोटो पाठवायचा कशाला, असं तिचं म्हणणं. मी तोंड फिरवलं, पण उशिरा. दिसला. लख्ख उजेडात.
"पाकीट फोडायचं नव्हतं, आक्का."
"हाड माझं, फोटो माझा."
गल्लीत सगळ्यांना दाखवून झालाय. मी येणार म्हणून कौतुकानं राखून ठेवलेला, आणि मी तोंड फिरवलं याचंच तिला जास्त लागलं.
आता मला माहीत आहे, तिला कोणता सांधा आहे. म्हणजे माझं आजचं मोजमाप बाद. बसमध्ये मनात येऊन गेलं, कुणाला कळणार आहे? पहिला नवा फॉर्म, इतका सुंदर भरलेला. वाटेतलं यमकनमर्डी येईपर्यंत मी मनातल्या मनात तो जमा करून टाकला होता. खोटं कशाला लिहू.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
सरांना सांगितलं. बराच वेळ पेन हातात फिरवत होते. "लिहून द्या. फॉर्म बाजूला ठेवू." रागावले नाहीत, ते जास्त लागलं. आता श्रु. जाऊन नव्यानं मोजेल.
हौ.ला फोन. तिनं साफ उडवून लावलं. "दोनदा परीक्षा कशाला? तुझ्या म्होरं बसलो की. का माझ्यावर इस्वास न्हाय?" फोन ठेवला. नंतर उचललाच नाही.

२ डिसेंबर, मंगळवार
अजून उचलत नाही. दहा दिवस उरले.

४ डिसेंबर, गुरुवार
रजा टाकून गेले. फॉर्म नाही, टेप नाही, खडेबाजारातून खारी घेतली तेवढीच. तिच्या शेजारी खाली बसले. अर्धा तास विड्या वळणारी बोटं बघत राहिले. मग संगीताशी बोलता बोलता कळलं, विड्या जमा करताना कारखान्यात चेकर बघतो, वाईट निघालेल्या छाटतो. मी सहज विचारलं, छाटणाऱ्याला कट्टा कुणाचा ते माहीत असतं का?
हौसाक्काचा हात थांबला. "असतंय की. म्हणून तर माझ्या जास्त छाटतोय. त्याच्या भनीसंगं भांडलो हुतो एकदा."
"मग आक्का, मी आता तसलाच चेकर झालेय. फक्त उलटा. तुमच्या छाटणारच नाही. तुमचं लोखंड बघितलंय, आणि तुमच्यावर जीव आहे."
तिनं दोरा दातानं तोडला, विडी सुपात टाकली. "म्हंजे छाटणारा आपला माणूस नगं."
"नको."
"मग आधी असं नीट सांगायचं की गं. पाठव त्या पोरीला. फोटो टरंकंत घालतो." खारी मात्र लगेच वाटली.
येताना बसमध्ये उभ्यानं आले. आनंदाच्या भरात जागा रिकामी झालेली कळलीच नाही.

९ डिसेंबर, मंगळवार
श्रु. सकाळच्या गाडीनं गेली. मला कामात काही सुधरेना. एका आजोबांचा डावा पाय मोजायचा, मी उजवा मोजला. ते म्हणाले, "बाई, मोडलेला तिकडं हाय."
दुपारी संगीताचा फोन. एवढंच म्हणाली, "ताई, फोटो टरंकंत हाय. किल्ली आत्यांच्या कमरंला." पुढं विचारणं जिभेवर होतं. नाही विचारलं. आज त्या बरोबर बसल्या का, पाय दुखत होता का, अनोळखी पोरीसमोर बुजल्या का. थंडीत पाय आखडतो त्यांचा.
पाचला श्रु. आली. फॉर्म बंद पाकिटात, सरळ सरांच्या कपाटात. तिनं मला सांगायचं नाही, मी विचारायचं नाही. एका बाजूला मला सांधा माहीत, पण बसणं कळणार नाही. दुसऱ्या बाजूला तिला बसणं माहीत, पण सांधा कळणार नाही. सगळ्यांची सगळी पाकिटं फुटतील तेव्हाच दोन्ही एकत्र येणार, आणि त्याला अजून वेळ आहे. कोणता सांधा, ते इथंही लिहीत नाही. वही श्रु.च्या हाती लागायची.
"चहा घेतलास का तिथं?" एवढंच विचारलं. "दोनदा," म्हणाली, आणि चप्पल काढायला वाकली. तिच्या सलवारीवर गुडघ्यापासून खालपर्यंत तंबाखूची भुकटी लागली होती.
म्हणजे श्रुती खाली बसली होती, सुपाच्या अगदी जवळ. शेजारी कोण बसलं होतं, ते मी विचारलं नाही.