शिपाई दिसला की उभं राहायचं

बाबा, तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे, तेव्हा आज थोडं बरोबरीने बोलते. हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळतं. तरी लिहिते, कारण मुंबईतल्या एका संध्याकाळची गोष्ट मी तुम्हाला कधीच कळवली नाही. तुम्ही मला बोटीत बसवायला पणजीच्या धक्क्यावर आला होतात. गोवा पोर्तुगिजांचा, मुंबई परमुलूख. शिकायला जायचं तरी हातात परवान्याचा कागद हवा. तुम्ही पडलात शाळामास्तर, निरोप देतानाही धडाच दिलात. शिपाई दिसला की काय करायचं? "धांवचें न्हय. उबें रावचें." पळायचं नाही, जागच्या जागी उभं राहायचं, हात पुढे, तळवे दिसतील असे. पळणाऱ्यावर बंदूक रोखली जाते, हे आपल्या गावच्या चौकीसमोर तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी तर पाढे म्हणून घ्यावेत तसं ते माझ्याकडून करून घेतलं होतंत.

मुंबईत ठाकूरद्वारला प्रभू आडनावाच्या ज्या विधवा बाईंकडे माझी सोय झाली, त्यांना मी मावशी म्हणू लागले. त्यांच्या चाळींच्या वाडीत दिवसा कुणी दार लावत नसे. आपल्याकडे दिवेलागणीला अडसर पडायचा, कुत्रं भुंकलं तरी आपण दिवा बारीक करायचो. मी खोलीत शिरले की सवयीने कडी घालायची. शेजारणी कुजबुजायच्या, आणि मावशी हसून म्हणायच्या, "अगं, आत काय सोन्याच्या विटा पुरल्यास का? दार लावलं की लोकांना वाटतं घरात भांडण झालंय." मला ट्रामची घंटा भिववायची, रस्ता ओलांडायची भीती वाटायची, माझ्या बोलण्यातला हेल ऐकून कुणी वळून बघितलं तरी मी बोलणं अर्धं टाकून चालू पडायची. मग हळूहळू, कसं ते सांगता येत नाही, कोळिणीशी मांदेली मासळीचा भाव करायला मी पुढे होऊ लागले. चौपाटीवर एकटीच शेंगा खात बसू लागले. कुणी "कुठली गं तू?" विचारलं की तोंडातून "ठाकूरद्वारची" असं निघू लागलं, आणि निघाल्यावर मीच चपापायची.

तोवर गोव्याची सरहद्द बंद झाली होती. तुमची पत्रं कुणाकुणाच्या हातून फिरत, शिळी होऊन यायची. दरेकात तेच: सभेला जाऊ नकोस, नाव कुठे येऊ देऊ नकोस. इथे तर भिंतीभिंतीवर संयुक्त महाराष्ट्र. मी सभांच्या वाटेलाही जात नव्हते. मुंबईतल्या गोवेकरांवर पणजीची नजर असते, हे सगळेच दबक्या आवाजात बोलत. माझं नाव छापून आलं तर तुम्हाला चौकीवर बोलावणं येणार, आणि मग कसंही करून तुम्ही मला परत नेणार, हे दोन्ही मला पक्कं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी मी कॉलेजातून चालत येते आहे. ट्रामा बंद आहेत. वाडीच्या तोंडाशी पोचते तोच मोर्चातली माणसं समोरून धावत येतात, मागे लाठ्या घेतलेले पोलीस. सगळे वाडीत शिरतात, ज्याला जे दार दिसेल त्यात. उघडीच होती ना सगळी! कोण कुणाचा, कुणी विचारत नाही. आणि मी, बाबा, उभी राहते. पुस्तकं खाली ठेवते, हात पुढे करते, तळवे दिसतील असे. आमच्याकडे रोज येणारी कोळीण टोपलीसकट मावशींच्या उंबऱ्यात उभी होती. ती ओरडते, "अगो पोरी, उबी काय ऱ्हायलीस? पल!" पाय हलत नाहीत. समोरचा पोलीसही क्षणभर गोंधळतो, अशी हात पुढे केलेली मुलगी त्याने कधी पाहिली नसावी. मग लाठी उतरते, त्याच तळव्यांवर.

कोळिणीने मला वेणीला धरून आत ओढलं. तो पोलीस मागोमाग आला, तर तिने मासळीची टोपली दारात आडवी घातली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माजी पोर हाय ती. मारलीस ना येकदा? आता टाक म्हावऱ्यावर पाय!" तोही मराठीच होता. खाली मान घालून गेला.

मावशींनी आंबेहळद उगाळून हाताला लावली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात द्यायला जखमींची नावं गोळा करत एक गृहस्थ आले. माझा हात सुजून पावासारखा झालेला, तो मी पदराखाली घेतला. मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं. एका शब्दाने न विचारता त्यांना म्हणाल्या, "आमच्याकडे कुणालाही लागलेलं नाही." बाहेर कट्ट्यावर बसलेल्या शेजारणीही, ज्यांनी सगळं पाहिलं होतं, नाही म्हणाल्या. संचारबंदी होती, तरी त्या रात्री मावशींनी दार लोटलंसुद्धा नाही. "कुणी पळत आलं तर?" म्हणाल्या. मी त्या दाराकडे बघत जागी राहिले. जन्मात इतकी घाबरले नव्हते, आणि जन्मात कुठल्या गावावर असा जीवही जडला नव्हता.

तुम्हाला मी लिहिलं, "प्रकृती उत्तम, अभ्यास चालू आहे." तुम्ही गेल्याची बातमी मला बारावं होऊन गेल्यावर मिळाली. पुढे गोवा मोकळा झाला, मी घरी आले, तुमच्या खुर्चीशी बसून रडले. जखमींच्या यादीपासून माझं नाव मी तुमच्यासाठीच लपवलं, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं. त्यांनी ते मानलं, माझं कौतुकही केलं. पण बाबा, त्या दिवशी हात पदराखाली घेताना तुमचं चौकीवरचं बोलावणं माझ्या मनात आलंच नव्हतं. तुम्ही मला परत न्याल, एवढीच भीती होती.