लाइफ तीन महिने

ती. ताईस सा. न.

तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला हटला का? मी खुशाल आहे, निदान हे लिहीपर्यंत तरी. सोमवारी तेवढीही खात्री नव्हती.

झालं असं, की छातीतलं ते यंत्र तपासायला गेलो होतो. (आठ वर्षं झाली त्याला. काडेपेटीएवढं आहे, पण हृदय त्याच्याच धाकात चालतं.) डॉक्टर पडद्याकडे बघून नर्सला म्हणाले, "लाइफ तीन महिने, फार तर." तेवढ्यात त्यांना वॉर्डातून बोलावणं आलं नि ते गेले. थांबून विचारायचं ना, म्हणशील. विचारलं आणि दोनच म्हणाले तर? शर्टाची बटणं खालीवर लावून मी घरी आलो.

घरी अवाक्षर काढलं नाही. हिला फ्यूज बदलायला शिकवलं. (ही संशयानं माझ्याकडेच बघत होती.) मग वाचनालयाची पुस्तकं परत करायला गेलो, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही लाइफ मेंबर, तुम्हाला कसली घाई?" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईंनी घाबरून खुर्ची दिली.

संध्याकाळी लेकीचा हात धरून बसलो. पंधरा मिनिटं तिनं सोसलं, मग हात सोडवून म्हणाली, "बाबा, गेट अ लाइफ!"

"कुठून आणू गं?" म्हणालो आणि हमसून हमसून रडलो.

मग सगळं बाहेर आलं. हिनं तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. "अहो, बॅटरीचं लाइफ!" ते ओरडले. "यंत्र बदलायचं, एका दिवसात घरी!" ही हसून हसून भिंतीला टेकली. लेकही हसली, पण रात्रभर माझ्या खोलीचं दार तिनं लावू दिलं नाही.

सर्वांना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. ऑपरेशन गुरुवारी आहे. घड्याळाचा सेल बदलण्याइतकं सोपं, असं मी ऑफिसात सगळ्यांना हसत सांगतो.

ता. क. २. ताई, जुनं काढल्यावर नवं बसेपर्यंत मी कशावर चालणार? बुधवारीच ये. घरी काहीही कारण सांग. मला धीर देऊ नकोस, नुसती शेजारी बस.