नऊ पोस्टींमागे एक जाहिरात

२ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. आजपासून राग बंद. मी मुळात शांतच माणूस. ऑफिसवाल्यांनी उगीच काढलं. साहेबांच्या केबिनचं दार माझ्या हातून आपटलं आणि निखळलं, पण दारही काही धड नव्हतं. असो. आता स्वतःचा धंदा. 'शांत सर्व्हर सेवा'. तुमची मशिनं आम्ही सांभाळू, तुम्ही निवांत राहा. बायको म्हणाली, महिनाअखेर एक तरी गिऱ्हाईक आण, नाहीतर बाबांच्या दुकानात बस. सासऱ्यांचं काचेचं दुकान. मेलो तरी बसणार नाही.

५ मार्च, सकाळी
फुकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आमच्या मंडळींचं एक सामायिक पान आहे. सगळ्या सभासदांचे ब्लॉग तिथे आपोआप येऊन पडतात. हजारो लोक वाचतात. तिथे जाहिरात टाकली. दुपारपर्यंत रांग लागेल.

दुपारी
जाहिरात उडवली! पान सांभाळणाऱ्या बाईंची मेल: नियमानुसार नऊ साध्या पोस्टींमागे धंद्याची एक चालते, कृपया आधी नऊ लिहा. ते 'कृपया' वाचून डोक्यात तिडीक गेली. कीबोर्ड गुडघ्यावर मोडला. राग नव्हे, कीबोर्ड जुनाच होता. गुडघा सुजलाय.

६ मार्च
बाईंना खरमरीत उत्तर द्यायला बसलो. कीबोर्ड नाही.

९ मार्च
नवा कीबोर्ड. नऊ पोस्टी म्हणजे हातचा मळ. विषय मात्र सुचेना. शेवटी कीबोर्ड कसा मोडला तेच लिहिलं. एक झाली.

१३ मार्च
प्रिंटरने कागद गिळला. नीट समजावून सांगितलं. ऐकेना. बत्त्याने हाणला. तिसऱ्या घावाला शाई उडाली. भिंत निळी, बायको निळी. पोस्ट लिहिली. लोक बेहद्द खूश! एकाने विचारलं, बत्ता दगडी की लोखंडी? वाचकवर्ग तयार होतोय. धंद्याचा पाया असाच घालतात.

१५ मार्च
माउस. खुर्ची. टेबलफॅन. तीन पोस्टी.

१७ मार्च
राउटर खिडकीतून फेकला. खाली शेजारचे वकील स्कूटर लावत होते. डोक्यावर हेल्मेट, म्हणून वाचले. वर येऊन त्यांनी माझी कॉलर धरली, मी त्यांचा टाय. दोघंही जिन्यावरून गडगडत खाली. त्यांचा दात गेला, माझी बरगडी. पण एका भांडणात दोन पोस्टी निघाल्या: राउटरची आणि जिन्याची. आठवी पोलीस चौकीच्या बाकावर सुचली. माणसाने वेळ फुकट घालवू नये.

२२ मार्च
बाईंना विचारलं, मोजताय ना? उत्तर आलं की मोजते आहे, वाचतेही आहे, कृपया प्रकृतीला जपा. पुन्हा कृपया! बाई समोर असत्या तर... समोर भिंत होती. बुक्का मारला. भिंतीचं प्लास्टर पडलं, माझ्या हाताला चढलं. नववी झाली.

२५ मार्च
एका हाताने जाहिरात टाइप केली. 'तुमचा सर्व्हर निर्धास्तपणे आमच्या हाती सोपवा.' या वेळी टिकली. बाईंच्या नाकावर टिच्चून! उद्या फोन उचलायला माणूस ठेवावा लागणार.

२८ मार्च
फोन नाही. प्रतिक्रिया मात्र ढीगभर, सगळ्या हसण्याच्या. लोकांना ही दहावी गंमत वाटली.

३० मार्च
चौकशी आली! एका ऑफिसला दोन जुने प्रिंटर फोडून हवेत. बत्त्यासकट या, दर कळवा. साफ नकार दिला. माणसाला काही स्वाभिमान असतो. मग बाईंना सहज विचारून ठेवलं, फोडाफोडीची जाहिरात चालेल का? चालेल म्हणाल्या. आणखी नऊ लिहा.

१ एप्रिल
सासऱ्यांच्या दुकानात. तात्पुरता. वाटलं होतं, जुना माणूस, ब्लॉग कशाला वाचतोय. वाचतात. नऊच्या नऊ वाचल्यात. हसू आलं नाही म्हणाले. बायको शेजारीच उभी होती, ती खाली बघत राहिली. मला लाज वाटली. आता राग येईल म्हणून थांबलो, तोही आला नाही.

माझं स्टूल बाहेर फुटपाथवर टाकलंय. आत यायचं नाही, काही लागलं तर हाक मारायची. पहिल्याच दिवशी अख्ख्या दाराची जबाबदारी. विश्वास असल्याशिवाय देतं का कोणी?

पाणी मागितलं. आतले सगळे काचेच्या ग्लासातून पितात. मला प्लास्टिकच्या पेल्यात आलं.