अणूच्या पुस्तकातलं नको असलेलं प्रकरण

१२ ऑगस्ट १९८६
शीलाच्या गळ्यातली गाठ साधी नाही. कॅन्सर. डॉक्टरांच्या खोलीबाहेर येताच ह्यांनी बजावलं — "तिला कळता कामा नये. आईनं माझ्या हाती सोपवलेली पोर आहे ती." पोर! त्रेपन्न वर्षांची नणंद माझी, तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली. तरी मी मान डोलावली. आमच्याकडे असंच करतात. सासऱ्यांना शेवटपर्यंत 'अल्सर' होता.

१९ ऑगस्ट
आजपासून परळला किरणांचा उपचार. तिच्यापुरता 'शेक'. आठवड्यातून पाच दिवस डोंबिवलीहून जायचं. हॉस्पिटलच्या पुढच्या फाटकावर आजाराचं नाव मोठ्या अक्षरांत आहे, म्हणून तिला मागच्या दारानं नेते. ती मुकाट येते.

२४ ऑगस्ट
रविवार. शेक नाही. दिवसभर पुस्तक. मजकूर माझा, चित्रं शीलाची. मुलांसाठी अणुविज्ञानाचा इतिहास — ठाण्याच्या आनंदरावांना दिवाळीआधी छापायचाय. तिनं आज किरणोत्साराच्या शोधाचं चित्र काढलं, टेबलाचा खण: काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच, वर युरेनियमचा खडा. मग उजेड न लागताही काचेवर उमटलेला तो डाग. मी सवयीनं लाल पेन्सिल घेऊन चूक शोधत बसले. सापडली नाही.

३० ऑगस्ट
आनंदराव येऊन गेले. सगळं चाळून म्हणाले, "बाई, पुस्तक बॉम्बवर संपतं हो! पोरं रडतील. किरणांनी रोगपण बरे होतात ना? टाका की चार पानं."
शीला तिथेच चहा गाळत होती.
"जागा नाही," मी म्हटलं.
"अहो, जागा मी देतो ना!"
"नको म्हटलं ना!"
बिचाऱ्यांनी हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.
चार पानं! बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान, मग जन्मभर तेच शिकवलं. झोपेत लिहीन. पण चित्र तिनंच काढायचं — पलंगावर बाई, वर यंत्र. आणि खाली ओळ मी द्यायची: कर्करोगावरील उपचार. कशी देऊ?

६ सप्टेंबर
गळ्याची कातडी काळवंडली. मऊ भातही गिळवत नाही.
"वहिनी, शेकानं एवढं भाजतं का गं?"
"गरमच असतो शेक."
साफ खोटं! त्या किरणांची ऊब कातडीला कळतसुद्धा नाही. वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर बाहेर उभी केली असती.

११ सप्टेंबर
काही सुचत नाही.

१३ सप्टेंबर
चित्रं संपली. शेवटचं पान जळलेल्या शहराचं — काळं, कोपऱ्यापर्यंत काळं. ब्रश धूत म्हणाली, "चांगलं काहीच केलं नाही का गं या लोकांनी?" मी उठून कुकर लावला.

१५ सप्टेंबर
हॉस्पिटलच्या बाकावर नंबराची वाट बघत होतो. शीला हळूच म्हणाली, "वहिनी, ते उपचाराचं प्रकरण लिही. यंत्र रोज बघतेय, मन लावून काढीन. फक्त मला ठाऊक आहे हे दादाला सांगू नकोस हं. खचेल तो."
घरी आल्यावर ह्यांनी मला बाजूला घेतलं — "तिला संशय नाही ना आला?"
"छे!" म्हटलं.